पाच वाजताचा फोन

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले! जनवाड्याहून बीदर, बीदरहून भालकी, भालकीहून हुलसूर. तीन बस बदलल्या, पण आईने बांधलेल्या भाकरी आणि ही नवी वही, दोन्ही शाबूत आहेत. पहिली नोकरी म्हणून रोज एक पान लिहायचं ठरवलं आहे.

नोकरी अशी की सांगताना मलाच हसू येतं. आठवडाभर व्हिडिओ गेम खेळायचे. अप्पा म्हणाले, घरातली पहिली पदवीधर अन् पगार खेळायचा, मग तुझ्या भावाला कामून हाणत होतो मी? आईने मात्र शेजारणींना सांगितलं की बाई कंप्युटरवर लागली.

मला काही फार खेळता येत नाही. कॉलेजच्या बसमध्ये मोबाइलवर क्रिकेट खेळायचे, तेवढंच. शिवगंगा मॅडम म्हणाल्या, तेच हवंय. कसलेले खेळाडू गप्प राहून खेळतात. सवडीने खेळणारी माणसं खेळताना बोलतात, ओरडतात, शिव्याही घालतात. मशीनला ते बोलणं शिकायचं आहे. पुढे त्या खेळांतली माणसं आपल्यासारखी बोलतील.

मॅडमनी मला तीन वर्षं मराठी शिकवलं. वर्गातल्या मुली माझ्या 'जायलाय, करायलाय'ला हसायच्या, तेव्हा मॅडमनी मला फळ्याजवळ उभं करून सांगितलं होतं की ही भाषा आहे, चूक नाही. आता त्या कॉलेज सोडून या कंपनीत आहेत. सीमेवरच्या पोरींना त्यांच्याच बोलीत बोलणारी सुपरहिरो मिळेल, या विचाराने मला बसमध्ये भरून आलं होतं.

आल्यावर आठ-दहा पानांच्या कागदांवर सह्या केल्या. मॅडम समोर बसलेल्या असताना वाचत बसणं बरं दिसलं नसतं. गुरूच्या हातचा कागद कोणी तपासून घेतं का?

घर नवं आहे, गावाबाहेर, दोन मजली. चारी बाजूंना ज्वारी. वरच्या खोलीत खेळायचा मोठा पडदा आणि खाली मॅडम. मोबाइल खाली ठेवायचा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये खरखर येत नाही. घरी बोलायचं ते रोज पाच वाजता, वरच्याच मशीनवरून, कानाला हेडफोन लावून. आई म्हणाली, जेवलीस का? आवाज किती स्पष्ट! जणू शेजारी बसली होती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी कबड्डी, दुपारी सुपरहिरो.

कबड्डीत माझा संघ चौतीस-अकराने हरला. चढाईला गेलेली माझी पोरगी बोनस रेषेवर घुटमळत राहिली आणि मी तिला ओरडत राहिले, "अगं पळ की भवाने, तिथं काय हळदीकुंकू हाय का?" मॅडम खालून हसत वर आल्या. हेच, असंच बोल म्हणाल्या.

सुपरहिरो मुलगी फार सुंदर आहे. उंच इमारतींवरून उडते, बस उचलते. सुरुवातीला तिला नाव द्यावं लागतं. मी माझंच घरचं नाव दिलं, नागू. कागदोपत्री मी विजयश्री. नागू जनवाड्यातच ठाऊक. इथे कोण ओळखणार?

दिवसभर ओरडून घसा बसला. मॅडमनी तुळशीचा काढा दिला. आईने फोनवर लगेच ओळखलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नागू बोलायला लागली! सकाळी तिला गच्चीवरून उडी मारायला लावली तर म्हणाली, "थांब की गं, दम लागलाय." माझीच बोली, माझाच हेल. मी टाळ्या वाजवल्या. मॅडमचे डोळे भरून आले होते, निदान मला तसं वाटलं.

एकच गोष्ट चमत्कारिक. जेवायला उठले तेव्हा रिमोट खाली ठेवला होता. परत आले तर नागू शहरात एका कठड्यावर बसून अंगावरच्या झग्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी ओढणीचं करते तसं. हे तर मी कधी बोलून दाखवलेलं नाही.

घसा जास्तच धरला आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कबड्डीचं धावतं वर्णन आज माझ्या आवाजात होतं. कालपर्यंत कुणा पुरुषाचं होतं. ते बरं वाटलं. मग चौथ्या चढाईला तो आवाज म्हणाला की अप्पांच्या गुडघ्याला पुन्हा सूज आली आहे.

ते मला आईने काल पाचच्या फोनवर सांगितलं होतं. खेळताना मी त्यातलं काही बोलले नव्हते.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मशीन एकच आहे गं, इकडचं तिकडे सांडतं. डोक्यावरून हात फिरवला. मी मान हलवली. माझा आवाज आता इतका खोल गेला आहे की मलाच कान देऊन ऐकावा लागतो. नागूचा मात्र खणखणीत आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सावकाश लिहिते.

पाचला फोनवर आई आली. जेवलीस का, झोप लागली का, सगळं नेहमीसारखं. शेवटी म्हणाली, "जप गं नागू."

माझी आजी नागूबाई. ती गेली त्याच वर्षी मी जन्मले, म्हणून तिचं नाव मला दिलं. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं, आमच्याकडे मेल्यावरही नाही. म्हणून आईने मला चोवीस वर्षांत एकदाही नागू म्हटलेलं नाही. मला ती बाई म्हणते. मी विहिरीत पाय घसरून पडले होते तेव्हा सगळं गाव नागू नागू ओरडत होतं आणि आई काठावर एकटी "बाई, बाई" करत होती.

ती आई नव्हती.

मग मी पाच दिवस कोणाशी बोलले? आणि आईशी कोण

शनिवार, ८ फेब्रुवारी

मॅडमनी लपवलं नाही. तेच जास्त लागलं. चहा ओतत ओतत सांगितलं की सोमवारपासून तुझ्या आईशी मशीनमधली नागूच बोलते, तुझ्या आवाजात. तुझ्याशी बोलते ती तुझ्या आईच्या आवाजात. घरची हाक ऐकू आली की माणूस जसं बोलतं, तसं एरवी बोलत नाही. तेच हवं होतं.

मी म्हणाले — म्हणाले काय, नुसती हवा आली — तुम्ही माझ्या गुरू. त्या म्हणाल्या, "सही तुझीच हाय की, विजयश्री. शिकलेली हाईस. वाचायचं होतंस."

आवाज परत कधी येईल, विचारलं. त्यांनी कप विसळून पालथा घातला.

आणि त्यांनी ऐकवलं. माझा आवाज, आईला: रविवारी सकाळी येते गं, हुरडा ठेव माझ्यासाठी. आई हसत होती. माझ्याशी बोलताना ती इतकी कधी हसत नाही. मी परीक्षेचं बोलायचे, नोकरीचं, हक्काचं. ही तिला हुरडा मागते.

वर जाऊन पडदा चालू केला. शहर तसंच. इमारती, बस, कठडा. नागू कुठेच नाही. सगळी बटणं दाबली — ती नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

दार उघडंच होतं. कोणी अडवलं नाही. याचीच भीती वाटली. मोबाइल मात्र मिळाला नाही.

फाट्यावर भीमण्णांचं चहाचं हॉटेल. त्यांना वहीत लिहून दाखवलं — घसा गेलाय, आईला एक फोन. भला माणूस. म्हणाले, बस तंगी, अगोदर चहा पी. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. नंबर लावून दिला.

आईने उचलला. "कोण बोलायलंय?" मी जीव काढून म्हटलं, आई, मी. वाळला कडबा घासावा तसा आवाज. ती म्हणाली, कोण बाबा? नीट ऐकू येत न्हाई. मी पुन्हा —

मागून, चुलीजवळून, माझा आवाज. "कोण हाय गं आई? ठेव की. भाकरी करपायलीय."

आई म्हणाली, "आले गं बाई." फोन ठेवला.

बाई म्हणाली. तिला.

तिकडून परत फोन आला. भीमण्णांनी घेतला. बराच वेळ नुसतं हूं हूं केलं. माझ्याकडे बघून आवाज खाली घेतला. मग फोन खिशात घातला आणि फार मायेने म्हणाले की तुझी बहीण लई काळजीत हाय, तंगी. डोक्याचा त्रास असला म्हणून लाजायचं न्हाई. तुझ्या मॅडम निघाल्यात, तवर कुठं जाऊ नको.

बाकडं ओढून दारात घेतलं आहे. स्वतः त्यावर बसले आहेत. दुसरा चहा दिलाय, पैसे नको म्हणाले.

मी वहीत लिहून दाखवते आहे — मला बहीण नाही. ते मान हलवतात. व्हय तंगी, व्हय.

पांढरी गाडी. ज्वारीच्या कडेने —

आई, तुला वाचता येत नाही. तुझी सगळी पत्रं, सगळे कागद मीच वाचून दाखवले. ही वही पोचली तर शेजारच्या श्रीदेवीअक्काकडे घेऊन जा. घरात आहे तिच्या हातात देऊ नको. ती वाचून दाखवील, गोड वाचील, पण ती वेगळंच