ग्रानेस : नैर्ऋत्य, चार

मी, हाल्दोरा एविंद्सडोटिर, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार ग्रानेस, पश्चिम फ्योर्ड, आइसलँड, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने मला आजचा वायुदाब विचारावा. हे पत्र मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने लिहीत नाही. आग्रह करणारे माणूस आता घरात उरलेले नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात खोटे काही नव्हते, पण जे खरे लिहायला हवे होते तेच राहून गेले होते. म्हणून ते रद्द समजावे आणि हेच शेवटचे धरावे.

१. कायद्याने माझ्या मालमत्तेचे दोन तृतीयांश माझा एकुलता एक मुलगा केटिल ब्रिन्योल्फसन, राहणार रेक्याविक, याचे आहेत. ते मी त्याला देते असे म्हणण्यात अर्थ नाही. मी रुसले असते तरी ते त्याचेच होते. घर, मागचे कुरण आणि धक्क्यावरची बोटीची शेड त्यात धरावी. घर विकायचे तर खुशाल विकावे. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी तशीच ठेवा, असे मागच्या पत्रात म्हटले होते. ते मागे घेते. त्या खिडकीतून आतला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली खाडी, तेवढा दिसतो, उघडा समुद्र दिसत नाही. ती काढली तरी चालेल.

२. उरलेल्या तृतीयांशावर माझी सत्ता आहे. माझी बचत गावच्या बचाव पथकाला द्यावी. त्यांनी त्यातून दोर घ्यावेत की कॉफी, यात मी नाक खुपसणार नाही. माझे पती ब्रिन्योल्फ यांच्या जाळी विणायच्या सुया आणि मासे कापायच्या सुऱ्या शाळेच्या कार्यशाळेला द्याव्यात. सुऱ्यांना धार आहे, हे शिक्षकांना आधी सांगावे.

३. माझी शेजारीण ओदनी मॅग्नुस्डोटिर, पलीकडच्या टोकावरची, हिला या पत्रातून काहीही मिळणार नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. तिने १९८८ साली नेलेला माझा केकचा डबा तिच्याकडेच राहू द्यावा. तो दिला असे नव्हे. मागायचा सोडला, इतकेच.

४. स्वयंपाकघरातला रेडिओ तालुक्याच्या वृद्धाश्रमातील जेवणघरात ठेवावा. तिथे टीव्ही सारखा बडबडत असतो. निदान दुपारच्या बातम्यांच्या वेळी तो बंद करून हा लावावा, म्हणजे मृत्यूच्या बातम्या ऐकता येतील. कोण गेले, कुठल्या गावचे, मातीला कधी न्यायचे हे आमच्याकडे रेडिओवर वाचतात, आणि वाचत असताना माणसे चमचा खाली ठेवतात. अनोळखी नाव असले तरी ठेवतात. मला हे फार आवडते. या देशात कोणी मेले तर निदान एक मिनिट सगळ्यांना कळते.

हा रेडिओ सगळ्यांच्या करावर चालतो, आणि तो तसा चालावा की नाही यावर माझे आणि केटिलचे पटत नाही. गेल्या वसंतात त्याने वर्तमानपत्रात मोठा लेख लिहिला. तो अर्थशास्त्रज्ञ आहे, आणि लेख चांगला होता. बापासारखे कमी शब्दांत लिहितो. त्यात शेवटी त्याने लिहिले होते : "माझे वडील याच रेडिओवर विसंबून समुद्रात गेले आणि मरता मरता वाचले. ज्याच्यावर विसंबता येत नाही, त्याच्यासाठी सगळ्या देशाने कर का भरायचा?" ते वाक्य मी उभ्याने वाचले आणि मग बसले. हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

सप्टेंबरात केटिल उन्हाळाभर डोंगरावर सोडलेल्या मेंढ्या उतरवायला आला होता. न कळवता येतो, पण त्या आठवड्याला चुकत नाही. आमच्याकडे प्रत्येक घरातून एक माणूस डोंगरावर जातोच. ज्याच्या मेंढ्या आपणहून खाली आल्या त्यालाही सुटका नाही. केटिल लहान असताना एका वर्षी आमच्या सगळ्या मेंढ्या आधीच दाराशी आल्या होत्या, तरी ब्रिन्योल्फ बुटांच्या नाड्या बांधत होता. पोराने विचारले, आता कशाला जातोस? तो म्हणाला, "आपल्या आल्या रे, पण डोंगर अजून रिकामा झाला नाही." याची मी केटिलला आठवण करून दिली आणि म्हटले, रेडिओचे तसेच आहे.

तो हसला नाही. कपाळावरचे केस मागे सारून म्हणाला, "आई, डोंगरावर कोणी जायचं ते गावाची सभा ठरवते. प्रत्येक जण तिथे बोलू शकतो. जी सोळा वर्षांची पोरगी रेडिओ कधी लावतच नाही, तिच्या पगारातून कापताना तिला कोणी विचारलं?"

त्याचा हा मुद्दा बिनतोड आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते. शिवाय वय झाल्यापासून माझ्याकडून तो कर घेत नाहीत, म्हणजे मी फुकट ऐकणारी. राजधानीतल्या राजधानीत चाललेल्या गप्पा हल्ली त्यावर जास्त असतात, हेही त्याचे म्हणणे खरे आहे. तो बरोबर असेल. पण त्याच्या लेखातले शेवटचे वाक्य बरोबर नाही, आणि ते मला तेव्हाच सांगता आले असते. त्याने कप धुतले, पुसून जागेवर ठेवले, माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी शाल ओढून घेतली आणि हवेबद्दल बोलले. आपल्याच पोटच्या पोराची इतकी भीती वाटू शकते हे मला एक्क्याऐंशीव्या वर्षी कळले.

५. म्हणून इथे सांगते. केटिल, हे कलम बसून वाच.

१९६८ पासून चाळीस वर्षे ग्रानेसची हवा मी बघितली. दर तीन तासांनी घरामागच्या टेकाडावर ऐंशी पावले चढायचे, वारा, दाब, ढग, समुद्र पाहायचा, वहीत लिहायचे आणि फोनवरून हवामान कचेरीला कळवायचे. मग दुपारी रेडिओवर साऱ्या किनाऱ्याची नावे एकेक करून येत, आणि त्यात आमचे येई : ग्रानेस, नैर्ऋत्य, आणि मग शून्य ते बारातला वाऱ्याचा जोर. तुझे वडील आतल्या धक्क्यावर, जिथे नेहमी शांत असते, बोटीत बसून ते ऐकत आणि मग बाहेर जायचे की नाही ते ठरवत. बाहेरचा वारा त्यांना फक्त माझ्याकडून कळे. घरी आले की म्हणत, "आज रेडिओवर तू फार गरम होतीस." लग्नाची निम्मी बोलणी आमची अशीच झाली.

१९७९ च्या मार्चात आमचे चार दिवस बोलणे बंद होते. ब्रिन्योल्फने दोन मेंढे विकून टीव्ही आणला होता. मला धुण्याचे यंत्र हवे होते. तेव्हा टीव्ही गुरुवारी बंद असे, जुलैभर बंद असे, आणि कपडे मात्र बाराही महिने मळत. अकरा तारखेला दुपारी माझे हात फेसात होते. टेकाडावर जायची वेळ झाली होती. मी मनात म्हटले, ज्याने टीव्ही आणला त्यानेच जावे वारा मोजायला. मी खिडकीतून पाहिले. आतले पाणी शांत होते, दोरीवरचे कपडे जेमतेम हलत होते. ओल्या हातानेच फोन उचलला आणि सांगितले : नैर्ऋत्य, चार.

टेकाडावर नऊ होता.

निवेदकाने मी दिले तेच वाचले. शब्द न शब्द. तुझ्या बापाने ऐकले, बोट सोडली आणि खाडीचे टोक ओलांडून उघड्या समुद्रात गेला. सात तासांनी परत आला तेव्हा जाळी गेली होती, उजव्या हाताची दोन बोटे मोडली होती आणि दाढीला बर्फ होता. मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "रेडिओ चुकला." मग जेवायला बसला. मी सूप वाढले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; ती मूठ मी त्या दिवसापासून मिटून ठेवली.

धक्क्यावर तीच गोष्ट झाली, गावात तीच, आणि तू तीच ऐकत मोठा झालास. तुझा त्यात काही दोष नाही. सरकारी माणसाने फसवले म्हटले की सगळ्यांना पटते, आणि खरे माणूस पडद्याआड राहते. पण केटिल, ज्याच्यावर विसंबता आले नाही ती मी होते.

तेव्हा आमच्या खोऱ्यात सात घरांना मिळून फोनची एकच तार होती. कोणाचाही फोन वाजला की कोणीही उचलून ऐकू शके. सगळे ऐकत, आपण ऐकले असे मात्र कोणी म्हणत नसे, ते असभ्य होते. ओदनीच्या खिडकीतून उघडा समुद्र दिसतो. तिने त्या दिवशी ऐकले की नाही, मी तिला कधी विचारले नाही.

६. हवामानाच्या माझ्या साऱ्या वह्या केटिलला द्याव्यात. १९७९ ची वेगळी बांधून ठेवली आहे. ते पान मी बत्तीस वर्षे उघडले नव्हते. ब्रिन्योल्फला पुरून आलो, तू राजधानीला परतलास, त्यानंतर उघडले. माझा शाईचा चार तिथे होता. त्याने तो खोडला नव्हता. शेजारी पेन्सिलीने, मोडक्या बोटांच्या वाकड्या अक्षरात लिहिले होते : "नऊ. धुण्याचं यंत्र."

त्या वसंतात त्याने टीव्ही विकून यंत्र आणले होते. मला वाटले होते, माझ्या रुसण्याला भ्याला. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मला वाचवायला त्याने रेडिओवर आळ घेतला, आणि बिचाऱ्या रेडिओने तो निमूट सोसला.

७. केटिल, तुझे मत बदल असे मी सांगत नाही. कर राहो की जावो, ते लोक ठरवतील आणि तुझे लेख वाचूनच ठरवतील. तेवढे एक वाक्य दुरुस्त कर. ज्या वर्तमानपत्रात छापले त्याच वर्तमानपत्रात. माझे नाव घालून.

माझ्या मृत्यूची बातमी रेडिओवर द्यावी. मजकूर असा : "हाल्दोरा एविंद्सडोटिर, ग्रानेस, हवामान निरीक्षक." आणखी काही नको. तोपर्यंत रेडिओ ते वाचेनासा झाला असेल, तर तू धक्क्यावर उभा राहून मोठ्याने वाच. दोन बोटी असल्या तरी पुरे.

आणि मी जाईन त्या दिवशी दुपारी टेकाडावर जा. तिथे आता यंत्राचा खांब आहे, तो आपले काम करेल. तू तुझे कर. वारा बघ आणि माझ्या शेवटच्या वहीत लिही. खिडकीतून बघून लिहू नकोस.

ग्रानेस, १९ ऑक्टोबर २०२४. वायव्य, तीन, विरळ ढग. वर जाऊन पाहिले; येता-जाता पाऊण तास लागला.

(सही) हाल्दोरा एविंद्सडोटिर

हाल्दोराने वरील मजकूर आम्हा दोघांसमोर सगळा वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली. ती पूर्ण शुद्धीत होती.

साक्षीदार :

(सही) ग्रीमुर स्नोरासन, टपाल वाटणारा

(सही) ओदनी मॅग्नुस्डोटिर. मी ऐकलं होतं, हाल्दोरा. मला समुद्र दिसत होता.