काकवीचा मालक

माळवाडी, ता. वाळवा
४ डिसेंबर १९९६

चि. सई हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांत आधी कोण आलं असंल, वळख बघू? शेजारची दगडाबाई! परवा सोमवारी जनावरांच्या दवाखान्याचे लोक कुत्र्यामांजरांना लस टोचायला चावडीपुढं बसले. पिसाळण्याच्या रोगावरची लस. तर ही आपली दुधाच्या किटलीत मांजर कोंबून उजाडायला हजर. डॉक्टर आधी हसला, मग रागावला, की मुकं जनावर गुदमरंल, जाळीच्या टोपलीत आणावं. झाकण काढलं तर मांजर डॉक्टरच्या डोक्यावरून पसार, नि दगडाबाई त्याच्यामागं. त्यामुळं माझी पाळी आली तवा शेजारी वळखीचं कुणी न्हाई. हे ध्यानात ठेव, पुढं कामाचं हाय.

आपली काकवी मातूर लय शहाणी कुत्री. तू दिवाळीत बघितलीस त्याहून थोराड झालीय, रंग तसाच काकवीचा. सुई टोचली तर तिनं डॉक्टरचा हात चाटला. जंताची गोळी गुळातून खाल्ली. मग डॉक्टरनं पिवळं कार्ड काढलं नि मला विचारलं, मालकाचं नाव काय.

आता मालकाचं नाव मी कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मी पदर सावरला नि म्हणलं, डोंगरावरचा, घोड्यावर बसल्याला देव. डॉक्टर वऱ्हाडाकडला. त्यानं मान डोलावली नि लिहून टाकलं. त्याच्या भाऊसो कंपौंडरनं पितळेच्या बिल्ल्यावर हातोडीनं एकेक अक्षर ठोकलं, खाली सतरा नंबर. घरी येऊन अक्षराला अक्षर लावत वाचते, तर खंडोबा! ह्यांच्या नावाच्या देवाला भंडारा न्हाई, गुलाल, ते सांगायचं राहिलंच की गं माझं.

पण बिल्ला असा झळकतो! पट्ट्याच्या कडीला लागून वाजतो, तवा वाटतं घरात कुणी शिकल्यालं माणूस फिरतंय. ह्यांना अजून काही बोलले न्हाई. ह्यांचा चष्मा फुटलाय, तेवढं बरं हाय.

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


विश्रामबाग, सांगली
११ डिसेंबर १९९६

ती. आजीस सईचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं. एकीला हसता हसता उचकी लागली, ती जेवणापर्यंत थांबली नाही.

अगं आजी, कार्डावरचा मालक म्हणजे नवरा नव्हे! ज्याचं जनावर, तो मालक. काकवीला भाकरी कोण कुस्करून घालतं? तिच्या कानातल्या गोचड्या कोण काढतं? मग मालक तूच. ज्योतिबा हे आजोबांचं नाव अगदी बरोबर पडलं असतं, तरी ते चुकलंच असतं.

आता थट्टा पुरे. इथं गळ्यात काही नसलेलं कुत्रं दिसलं की पालिकेची गाडी उचलून नेते. माझ्या मैत्रिणीचा कुत्रा बिल्ल्यावरच्या पत्त्यामुळे तर घरी आला. काकवी उद्या हरवली, तर सापडणाऱ्यानं खंडोबाला कुठं शोधायचं? तुमच्याकडे ऊस सुरू झालाय, आणि तिला ट्रॉलीमागं धावायची खोड. तेव्हा नाव लवकर बदलून घे, तोवर तिला बांधून ठेव, आणि कार्ड पिठाच्या नाही, पत्र्याच्या डब्यात जपून ठेव.

आजोबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच. त्यातला काकवीचा वाटा मला दिलास तरी चालेल.

तुझी सई


माळवाडी
५ जानेवारी १९९७

चि. सई हिला आशीर्वाद, नि तुझ्या तोंडाला काय म्हणू?

तू लिहिलंस तसंच झालं. नाव बदलून घेऊ, उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिले, नि काकवी उसाच्या ट्रॉलीमागं गेली ती गेलीच. पाच दिवस. मी तिची भाकरी रोज थापत होते नि रोज गाईला घालत होते. रस्त्यावर हॉर्न वाजला तरी पळत दारात यायचे.

मग ट्रॉलीच्या डायवरनं बातमी आणली. ती पार इस्लामपूरला, कारखान्याच्या दारात उभी. तिथं पेंडीचं दुकान असल्याल्या जवाहरशेठनी तिला पाणी पाजलं नि बिल्ला वाचला. खंडोबा! भला माणूस, देवाचं कुत्रं चुकलं म्हणून वाट वाकडी करून खंडोबाच्या देवळात नेऊन सोडलं. गुरव आधी भ्याला, लेकरांना चावंल म्हणून. पण बिल्ला बघून म्हणाला, लस टोचल्याली हाय, राहू दे.

हे आणायला गेले. गुरवानं नाव विचारलं, ह्यांनी आपलं सांगितलं. तर तो म्हणाला, तुमी दुसऱ्या डोंगराचे, ह्या देवाचं कुत्रं तुमच्या हाती कसं देऊ! हे तांबडेलाल होऊन माघारी आले, नि मला सगळं कबूल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन मीच एस्टीनं गेले. बघते तर काय सई! काकवीच्या कपाळाला भंडारा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात दूधभात, नि माणसं वाकून पाया पडतात. ऊन त्या बिल्ल्यावर पडल्यालं. माझेच हात जोडले गेले. हिच्या गोचड्या मी काढल्या, ही खरीच माझी का, असं क्षणभर वाटलं.

गुरवानं मालकाचं नाव विचारलं. तुझं पत्र आठवलं. मी मोठ्यानं म्हणलं, हरणाबाई.

अगं, ह्या गावात मी कुणाची सून, कुणाची आई, कुणाची आजी. माझं नाव माझ्याच तोंडून ऐकून मलाच काटा आला. आवाजासरशी काकवीनं दोरीला असा हिसका दिला की खुंटी उपटून आली, नि माझ्या अंगावर! सगळं लुगडं पिवळं झालं. गुरवानं कार्डावरचा सतरा नि बिल्ल्यावरचा सतरा ताडून बघितला, देवाकडं बघून हात जोडले, नि दोरी माझ्या हातात दिली.

काल डॉक्टर नि भाऊसो घरी आल्ते. डॉक्टरनं कान पकडले. नव्या बिल्ल्यावर गावासकट ठोकायचं म्हणून नाव मलाच लिहायला लावलं. ह, र, णा, बा, ई. एक काना चुकला न्हाई. दुसरी नापास बाई मी, नि माझं नाव पितळेवर!

ह्यांनी चहा ओतता ओतता डॉक्टरला गंभीरपणे सांगितलं, आणखी एक ठोका, माझ्या गळ्यात. बाजारात चुकलो तर हिचं नाव वाचून कुणी आणून सोडंल. भाऊसो हसून लोळला. मी चुलीतली लाकडं सारीत बसले, वर बघायची सोय न्हवती.

दगडाबाईनं मांजराला जाळीची टोपली विणलीय. तुझ्यावरची माया होती तशीच हाय, कांकणभर जास्तच.

तुझी आजी,
हरणाबाई

ता. क. डॉक्टर नि भाऊसो संक्रांत-किंक्रांत टाळून १६ तारखेला, गुरुवारी येतो म्हणून गेलेत. दोन बिल्ले घेऊन.