मुक्या मठाचं व्याकरण

६ फेब्रुवारी १९६७, सोमवार

बोलायचं! ईस्टरनंतरच्या सोमवारपासून मठात बोलायचं!

मठाधिपती फादर लेआंद्रोंनी सभागृहात वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे आ वासून बसलो. आवाज मात्र कुणाच्याच तोंडातून निघाला नाही— सवय! आता "कामापुरतं आणि मायेपुरतं" बोलायला परवानगी. हातांच्या खुणा हळूहळू बंद. म्हातारे फादर तेओद्युल, जे फ्रान्सहून खुणांचं पुस्तक उराशी धरून आले होते, ते ढसाढसा रडले. तरुण मंडळी एकमेकांना कोपरं मारत होती.

आमच्या मठात माझ्याइतका बडबड्या माणूस नाही— हातांनी! माझ्या गोष्टींवर लोक जेवताना हसू दाबतात आणि मग सभेत उभं राहून हसल्याची कबुली देतात. पण तोंड उघडलं की मी म्हणजे बिघडलेला पंप. माझ्या गावी, तांदिलच्या बाजारात पोरं मागे लागायची— "प-प-पाव घे रे!" इथे आलो तो देवासाठीच, खरंच. पण इथे कुणी बोलत नाही हे कळल्यावर देव जरा जास्तच आवडला. आणि दीक्षेत नाव काय मिळालं? प्लासिदो! 'प'वरून!

संध्याकाळी गोठ्यात माझ्या जोडीदाराने, गाउदेन्सियोने, खुणेने विचारलं— 'सकाळी — कागद — काय?' अरे, सगळा मठ हादरला आणि या गड्याचं लक्ष कुठे होतं देव जाणे! मी सांगितलं. त्याने दूध काढणं थांबवलं.

९ फेब्रुवारी

फादर लेआंद्रोंनी खोलीत बोलावलं; तिथे त्यांच्याशी बोलायची मुभा आधीपासूनच आहे. म्हणाले, "प्लासिदो, खुणा विसरायच्या आत त्यांचं व्याकरण लिहून काढ. शब्द पुस्तकात आहेत, पण वाक्य कसं बनतं ते कुठेच नाही. कपाटात जपून ठेवू."

"व्य-व्य-व्याकरण? हातांना?"

"तुझ्या हातांना तर नक्की असणार. थांबतात कधी?"

ही वही मिळाली. पुढून व्याकरण, मागून हे.

१३ फेब्रुवारी

व्याकरण आहे की! मीच रोज वापरतो आणि मलाच पत्ता नाही.

गाउदेन्सियोला समोर बसवून तपासतोय. गडी ओलावारिया गावचा, खांदे बैलाचे आणि हात लोणी काढणाऱ्या बाईचे. त्याच्याइतक्या स्वच्छ खुणा कुणाच्या नाहीत. आधी कोण, मग काय, मग क्रिया. 'नाही' सगळ्यात शेवटी, थप्पड मारल्यासारखं. 'मी — चीज — खाल्लं —' इथपर्यंत फादर तेओद्युलच्या भुवया चढतात, मग 'नाही' आलं की उतरतात. काल म्हणायचं तर अंगठा खांद्यावरून मागे, तोही वाक्याच्या आधी. एकदा मागे नेला की पुढचं सगळं मागचंच, पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आणि जोडशब्द! माते, म्हणजे आमचा नळीने ओढून प्यायचा पाल्याचा चहा, त्याला फ्रान्सच्या पुस्तकात खूणच नाही. बिचारे, कसे जगत होते? आम्ही केली: 'गवत' आणि 'चोखणे'. ट्रॅक्टर म्हणजे 'बैल' आणि 'आग'. परवा गावच्या पाद्रीसाहेबांची मोटार आली तिला गाउदेन्सियोने 'खुर्ची — पळणारी' केलं. मी चाऱ्यावर लोळलो.

१४ फेब्रुवारी

फादर तेओद्युलना दाखवलं. प्रश्नासाठी भुवया वर, हा नियम त्यांनी खोडला. 'भुवया — पुस्तक — नाही!' असं खुणावताना त्यांच्याच भुवया टोपीत गेल्या होत्या.

२१ फेब्रुवारी

आज 'जर' सापडलं! त्याला खूण नाहीच. पहिला अर्धा भाग सांगायचा आणि डावा हात तसाच हवेत धरून ठेवायचा. 'पाऊस —' हात धरलेला, आणि उजव्याने 'गवत — आत'. पाऊस आला, तर गवत आत. हात सोडला की बात संपली. इतका आनंद झाला की गाउदेन्सियोच्या पाठीत धपाटा घातला.

मी वर्णन लिहीत असताना मागे दुधाच्या कॅनची उतरंड कोसळली. काय तो गदारोळ! गाई उधळल्या, मी जवळजवळ देवाघरी. गाउदेन्सियो शांतपणे सड पुसत होता. मानही वळली नाही. याला म्हणतात साधना! नाहीतर आम्ही.

२ मार्च

पिलात पळाला. आमचा कुत्रा— ख्रिस्ताला शिक्षा देऊन हात धुणाऱ्या त्या सुभेदारासारखा हा सारखे पंजे चाटून हात धुतो म्हणून पिलात. खाली वस्तीवर एक कुत्री आहे, तिच्या प्रेमात. गाउदेन्सियोचं तोंड एवढंसं झालंय.

४ मार्च

गाउदेन्सियो तीनदा उशिरा आला. एकदा प्रार्थनेला, दोनदा जेवणाला! कधी नव्हे ते. सभेत गुडघे टेकावे लागले. कुत्र्यासाठी इतका जीव टाकायचा?

५ मार्च

पिलात परत आला, एक कान फाटलेला. गाउदेन्सियोने त्याला मिठी मारली. आज वेळेवर.

१२ मार्च

फादर लेआंद्रोंची नवी टूम. ईस्टरनंतरच्या सोमवारी प्रत्येकाने सभागृहात उभं राहून मोठ्याने सांगायचं: आपलं नाव, आपलं गाव, आणि आभाराचे दोन शब्द. चाळीस माणसांसमोर! प्लासिदो! माझी आत्ताच बोबडी वळली. बाहेर नाशपातीच्या झाडाला एकट्याने सांगून बघितलं. झाडालाही दया आली असेल.

गाउदेन्सियोला सांगितलं— 'उठायचं — नाव — गाव — आभार.' त्याने मान हलवली आणि विचारलं, त्या दिवशी मेंढ्यांकडे जाता येईल का? म्हणजे मी अडखळताना त्याला बघवणार नाही. दुसरं काय?

मग त्याने एक अर्धवटच खूण केली. 'सगळे — बोलणार —' डावा हात हवेत. उजवा मांडीवर पडून राहिला. मी वाट बघितली. गाय हलली, तो उठला.

२४ मार्च, गुड फ्रायडे

उपास. व्याकरण पूर्ण. स्वतःचीच अंत्ययात्रा लिहून काढल्यासारखं वाटतंय. छे, आजच्या दिवशी स्वतःचं रडगाणं नको.

२७ मार्च, सोमवार

झालं एकदाचं.

मेंढ्यांची परवानगी मिळाली नव्हती, गाउदेन्सियो समोरच बसलेला. माझी पाळी आली. उठलो. "प—" आणि दातखीळ. "प-प-प—" चाळीस माणसं आपापल्या चपला बघायला लागली. फादर लेआंद्रो जपमाळ ओढत होते. तांदिलचा बाजार जसाच्या तसा! फक्त एकच माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. गाउदेन्सियो. चेहरा असा फुललेला, जणू मी आर्चबिशप आहे आणि प्रवचन चाललंय. कसंबसं नाव बाहेर पडलं, गाव पडलं, आभार अर्धे राहिले. बसलो तर त्याने खूण केली— 'तू — छान — बोललास.'

अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या जगाने टोमणा मारावा, पण याने?

मग त्याची पाळी. फादरांनी नाव घेतलं. हा आपला हसतोय. पुन्हा घेतलं. ढिम्म! शेजाऱ्याने कोपर मारलं तेव्हा उठला आणि जो ओरडला— "गाउदेन्सियो! ओलावारिया! आभार!"— की छतातली कबुतरं उडाली. सगळे खो खो हसले, फादर तेओद्युलसुद्धा. मी नाही हसलो. नाटकी मेला!

संध्याकाळी त्याने माझ्यासाठी माते आणला. मी घेतला नाही. तो माझ्या हातांकडे बघत उभा राहिला. मी हात बगलेत घातले.

२८ मार्च

सकाळी तो गोठ्यात पाठमोरा दूध काढत होता. भांडायचंच म्हणून मी दारातून हाक मारली. "गाउदेन्सियो!" पुन्हा, जोरात. पिलातने मान वळवली. त्याने नाही.

तो कॅनचा गदारोळ आठवला. तो हवेत राहिलेला डावा हात आठवला. समोर जाऊन बसलो. 'ऐकणं — नाही?' भुवया वर. त्याने अंगठा खांद्यावरून मागे नेला, आणि आणखी मागे. 'घंटा — कळते — कशी?' त्याने पिलातकडे बोट दाखवलं.

इतकी वर्षं! मुक्यांच्या मठात बहिरा कळणार कुणाला? मी रडलो. मग काल न घेतलेला माते मागून घेतला, गार झालेला तसाच प्यायलो.

ही वही फादर लेआंद्रोंकडे नेतोय. कपाटासाठी नाही. चाळीस जणांना पुन्हा शिकवायचं आहे, त्याची सुरुवात आजच.

निघताना त्याने बाही धरली. 'तुझा — आवाज — कसा?'

'छान,' मी सांगितलं. 'फार छान.'