सीलिंगवरचा उंट

३ मार्च
धाकट्या मालकाची नोटीस आली. पुढच्या महिन्यापासून भाडं दीडपट, नाहीतर घर रिकामं करा. माझ्या पेन्शनमध्ये दीडपट बसत नाही. मी आणि औषधं, एवढंच बसतं. घाबरले अजिबात नाही. फक्त चहात मीठ पडलं.
लहानपणी हाच माझ्याकडे इंग्लिश शिकायला यायचा. नोटिशीत स्पेलिंगची एकही चूक नाही. प्रेमाने बोललं की मिटेल.

५ मार्च
बोलले. टीचर, तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहेच, पण मार्केट रेट म्हणून काही असतो की नाही, म्हणाला. बोलताना डोळे पाणावले होते त्याचे. धाकट्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तर म्हणते, अगं ताई, एसी तोंडावर येत असेल त्याच्या. तू सरळ माझ्याकडे ये, बाल्कनी बंद करून घेऊ.
या घरात आम्ही दोघांनी संसार केला. बाल्कनीत जाणार नाही. उद्यापासून मन शांत ठेवायचं. रोज फिरायला जायचं.

९ मार्च
फिरायला जमलं नाही. नगरपालिकेच्या भाडे-तक्रार विभागात अर्ज दिला, तिथले जिने पुष्कळ झाले. क्लार्कबाई मान वर न करता म्हणाल्या, इन्स्पेक्टर येऊन घराची अवस्था बघतील, त्यावर ठरेल. हुश्श! घर ठेवण्यात मला कोण हरवणार?
घरी परतले तर आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड बँकवाले भेटले. त्यांनाही नोटीस आहे. म्हणाले, वहिनी, काही आवरू नका हं. मालकाने दुरुस्ती केली नसेल तर वाढ नाकारतात. छत गळतंय तर गळू दे खुशाल, भिजू दे इन्स्पेक्टरला.
असेल नियम. म्हणून आपली लक्तरं वेशीवर टांगायची? शाळेत सिस्टर सांगायच्या, पाहुण्यांना घरातलं उणं दाखवू नये, आणि बोट तर कशाकडेच दाखवू नये.

१४ मार्च
सोमवारी इन्स्पेक्शन. मालकाचा माणूस समोरच्या फुटपाथवरून माझ्या खिडक्यांचे फोटो काढत होता. पडदे ओढून बसले. छातीत धडधडलं, ते उकाड्यामुळे.
बेडरूमच्या सीलिंगवर टाकीच्या गळतीचा जुना डाग आहे. ह्यांना त्यात उंट दिसायचा. आजारपणात पडल्या पडल्या म्हणायचे, आज जरा जाड दिसतोय, पाणी पिऊन आला वाटतं. मालकांना दुरुस्तीचं सांगू का म्हटलं, की म्हणायचे, राहू दे गं, बिचारा जाईल कुठे?
उंटाचं काय करायचं, ते शांतपणे ठरवीन.

१६ मार्च
ठरवलं. रंगारी बोलावला. तो म्हणाला, मावशी, आधी टाकी बघून घ्या, हा रंग महिनाभरसुद्धा टिकायचा नाही. मी म्हटलं, बाबा, सोमवारपर्यंत टिकव. त्याने ब्रश उचलला तशी मी स्वयंपाकघरात गेले. तिथे काही काम नव्हतं.
गळतीखालची बादली माळ्यावर टाकली. आता घर कसं परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखं दिसतंय.

१८ मार्च, सोमवार
इन्स्पेक्टर आले. मागे धाकटा मालक. इन्स्पेक्टरने विचारलं, गळती? ओल? काही तक्रार? वर टाकीत पाणी पडत होतं, सगळं ऐकू येत होतं. मालक रुमालाने मान पुसत होता. इन्स्पेक्टरने पुन्हा विचारलं, बाई, नक्की काही नाही ना? मी म्हटलं, छे हो, काहीच नाही, चहा घ्या. सही केली. जाताना म्हणाले, इतकं नेटकं घर या भागात पाहिलं नाही. मालकाने केवढा मोठा सुस्कारा सोडला! मी जिंकावं असं त्यालाही आतून वाटत असणार.
बँकवाल्यांनी म्हणे दार उघडलं तेच डोक्यावर छत्री धरून. शोभतं का या वयात?

२ एप्रिल
निकाल. बँकवाल्यांची वाढ रद्द, मालकाला दुरुस्तीचा हुकूम. माझ्या कागदावर: ‘घर उत्तम अवस्थेत. मालकाने देखभाल चोख ठेवली आहे. वाढ मंजूर.’
मालकाने!
धावत ऑफिसात गेले. क्लार्कबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाल्या, अपील करा की, पण तक्रार नाही म्हणून खाली सही तुमचीच ना?
माझीच. सुंदर आली आहे. कॉन्व्हेंटचं वळण.

१० एप्रिल
अपील करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय वकिलाने तोंडच वाकडं केलं. बहिणीची बाल्कनी पूर्वेकडे आहे, सकाळचं ऊन चांगलं.

२८ एप्रिल
सामान बांधून झालं. मालक नवीन जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. मुलगी म्हणाली, आई गं, किती छान ठेवलंय हो काकू! मी सवयीने थँक्यू म्हणाले.
बेडरूममध्ये गेलो. तिच्या डोक्यावर, होता तिथेच, तो परत आला होता. मान, कुबड, सगळं. जरा जाड.
मालकाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा बोट उचललं आणि वर दाखवलं.
मुलीने वर बघितलं.
अय्या, उंट! म्हणाली, आणि नवऱ्याचा दंड धरून म्हणाली, अहो, हेच घर घेऊ या.