सिगारच्या जोडीला

१ जानेवारी १९९६, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच. सिगारच्या जोडीला काय प्यायचं, ते संक्रांतीच्या आत ठरवणे.

कारण असं. गेल्या महिन्यात आमच्या गौरीच्या स्थळासाठी ठाण्याला गेलो होतो. मुलगा अजित, छान मुलगा. वडील रणदिवे, जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. हातात सिगार. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो की सिगारबरोबर कुठलं पेय घ्यावं हे एक शास्त्र आहे, आणि माझा त्यात थोडा अभ्यास आहे. (डेंटिस्टकडे थांबलो असताना एका इंग्रजी मासिकात त्यावरचा लेख वाचत होतो. निम्म्यावर आलो आणि दाढ काढायला आत बोलावलं.) रणदिवे खूश. म्हणाले, मग सुरतेला तुमच्याकडेच शिकायला येतो. त्यांच्या पत्नी मालतीबाई उठून आत गेल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

आता दोघं संक्रांतीला येताहेत. पौषात बोलणी करत नाहीत, म्हणून नुसते पतंग बघायला. म्हणजे घर बघायला. म्हणजे आम्हाला बघायला.

विजया म्हणते, तुम्ही जन्मात बडीशेपेपलीकडे गेला नाहीत. बायकोला नवऱ्याचा अभ्यास कधी दिसत नाही.

३ जानेवारी, बुधवार
सिगार मिळाल्या. शेजारच्या हसमुखभाईंचे मेहुणे हिऱ्यांच्या धंद्यात, ॲन्टवर्पला असतात. त्यांनी दिलेला डबा नुसता शोकेसमध्ये पडून होता.

विजयाने घरात काडी ओढायची नाही म्हणून सांगितलं. हरकत नाही. न पेटवता, नुसता वास घेऊन प्रयोग.

तत्त्व सोपं आहे. एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करता कामा नये. मासिकवाल्यांना हे आज कळलं. मी नोकरीभर वर्गात वृत्तं शिकवताना दुसरं काय सांगितलं? लघु आणि गुरु. सिगार म्हणजे शार्दूलविक्रीडित. तिच्यापुढे लिंबाचं सरबत म्हणजे बालवाडीचं बडबडगीत.

आज बारडोलीच्या उसाचा रस. सिगार नाकाशी, ग्लास ओठाशी. माशा आल्या. रद्द.

६ जानेवारी, शनिवार
अडचण आहे ती दारूबंदीची. लेखातली सगळी पेयं गुजरातेत बाद. हसमुखभाई म्हणाले, साहेब, टेन्शन शानुं, दमण छे ने. अर्धी सुरत शनिवारी तिकडेच असते म्हणे. पण आमच्या तळमजल्यावर पोलीस खात्यातले परमार राहतात. त्यांचं नाक चांगलं आहे.

तरी सकाळी धीर करून निघालो. वापीला उतरलो. स्टँडवर एक हवालदार उभा होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. चिकू घेऊन परत आलो.

दमण रद्द. तत्त्व म्हणून. ज्याने मुलांना नागरिकशास्त्रही शिकवलं, त्याने पिशवीत बाटली लपवायची नसते.

चिकू गोड निघाले.

९ जानेवारी, मंगळवार
गौरी बँकेतून आली ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, “बाबा, त्या दिवशी साधेच राहा. बाकी काही नको मला.”

नंतर विजयाने स्वयंपाकघरात सांगितलं की हे स्थळ मोडलं तर दुसरं बघू नका, असं गौरी तिला म्हणाली आहे. अजितची पत्रं येतात, हेही आजच कळलं. केवढीशी होती, माझ्या मांडीवर बसून कविता म्हणायची, चुकली की पहिल्यापासून.

ठरवलं. अगदी साधं राहायचं. सिगारचा विषय तेवढा वेगळा.

११ जानेवारी, गुरुवार
विजयाने जायफळ घालून कॉफी केली. सिगारच्या वासाबरोबर खरं तर सुरेख लागली. पण कॉफी कोणीही देतं. रद्द.

संध्याकाळी एकदम सुचलं. नीरा! लग्नानंतर आम्ही नवेच सुरतेला आलो होतो, तेव्हा थंडीत पहाटे शाल पांघरून नीरा प्यायला जायचो. विजयाच्या ओठांवर फेस. धुकं. ताडाची झाडं. ते दिवस भुजंगप्रयातात चालायचे.

नीरा कायदेशीर आहे, सात्त्विक आहे, आणि ठाण्याच्या माणसाला नवीन आहे. विजया म्हणाली, नीरा उन्हं चढायच्या आत संपवतात, दुपारपर्यंत ठेवत नाहीत. मी म्हटलं, उत्तम पेयं मुरावी लागतात.

१४ जानेवारी, रविवार, सकाळी ६
नीरा आणली. मोठा स्टीलचा डबा भरून. फ्रीजमध्ये उंधियुची तयारी, जागा नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. कोवळं ऊन लाभेल.

दुपारी, जेवणाआधी
पाहुणे आले. गच्चीवर अख्खी सोसायटी, पतंग, टेप, आरडाओरडा. रणदिवे मजेत. मालतीबाईंचं लक्ष पतंगांपेक्षा त्यांच्यावर. गौरीने निळी साडी नेसली आहे आणि ती सारखा पदर नीट करते आहे. उगाच.

डबा उघडला. वर फेस. जिवंतपणाचं लक्षण. चव किंचित आंबूस, म्हणजे मुरली. खात्री करून घ्यायला मी तीन ग्लास घेतले, मग एक रणदिव्यांना दिला. खाली चष्मा न्यायला आलोय. आज अक्षर फार मोकळं येतंय. जिना मात्र कोणीतरी हलवतंय.

आता वर जाऊन पेटवतो.

१५ जानेवारी, सोमवार
पडून आहे. जे आठवत नाही ते विजयाकडून घेतलं.

सिगारचा धूर गिळायचा नसतो. हे लेखाच्या राहिलेल्या भागात असणार. मी छाती भरून ओढला. त्याच वेळी परमार वास काढत आले, ग्लास नाकाशी नेला आणि हळूच म्हणाले, “साहेब, आ तो ताडी थई गई.” सणाचा दिवस म्हणून त्यांनी पुढे काही केलं नाही. डबा उचलून स्वतः मोरीत ओतला. मी त्यांना ते भुजंगप्रयात आहे असं समजावत होतो म्हणे.

मग पोटात होतं नव्हतं ते बाहेर आलं. रणदिव्यांच्या बुटांवर. त्यांची सिगार पेटवायची राहिली होती. ती तशीच हातात धरून ते माझ्याकडे बघत उभे होते. मालतीबाईंनी माझं डोकं धरलं, लिंबू चोखायला दिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, असं विजया म्हणते.

चारच्या गाडीने दोघं गेले. हो नाही, नाही नाही.

गौरी माझा चहा दाराशीच ठेवून जाते.

१७ जानेवारी, बुधवार
ठाण्याहून फोन नाही. प्रयोग चुकला असं मी म्हणणार नाही. तापमान चुकलं.

गौरी डबा न घेता बँकेत गेली. संध्याकाळी तिच्या खोलीचं दार बंद. बाहेर उभा राहिलो. काहीतरी म्हणायचं होतं. एकही ओळ आठवेना. परत येऊन फोनपाशी बसलो. वाजला, तर हसमुखभाईंसाठी होता.

२१ जानेवारी, रविवार
माघ लागला. सकाळीच मालतीबाईंचा फोन. मी घेतला, तर तब्येत विचारली आणि म्हणाल्या, विजयाताईंना द्या. विजया भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. गौरी दारात, हातात तशीच कणीक.

स्थळ पक्कं.

रणदिव्यांना दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास झाला होता. डॉक्टर, मुलगा, शपथा, सगळं करून झालं, सिगार सुटत नव्हती. त्यात मी ठाण्याला तो विषय काढल्यावर मालतीबाईंनी आमच्या घरावर मनातून काट मारलीच होती. पण गच्चीवरून गेल्यापासून रणदिवे सिगार बाहेर काढतात, बघतात, त्यांना मी दिसतो, आणि ती परत ठेवून देतात. काल सगळा साठा वॉचमनला देऊन टाकला. “डॉक्टरांना जमलं नाही ते तुमच्या ह्यांनी एका दुपारी केलं,” असं त्या विजयाला म्हणाल्या.

शिकवलेलं वाया जात नाही, हे मी नेहमी म्हणतो.

त्यांची अट एकच. लग्नात पंगतीला मला रणदिव्यांच्या बरोबर समोर बसवायचं, म्हणजे चार मित्र जमले तरी त्यांना इच्छा होणार नाही. विजयाने मला न विचारता हो म्हणून टाकलं.

तर समोर बसून काय काय बोलायचं ते आजच लिहून काढायला बसलो. गौरी मागून आली, वाचलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसली. म्हणाली, “बोलायचं काहीच नाही, बाबा. नुसतं दिसायचं.”