रंजक कोणती घ्यावी?

लुडविग्सहाफेन,
२ मे २००३

ती. बाबांना,
मालिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही इथलं हवामान विचारता आणि रिसीव्हर आईंच्या हातात देता, म्हणून पत्र लिहितेय. काम तुमच्याकडेच आहे. तुम्ही आणि सिद्धेश दोन वर्षं आईंमार्फतच बोलताय, त्यात मी पडत नाही.

आमचे शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, क्नोल, वय चौऱ्याहत्तर, गावाच्या शुट्झनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजी मंडळात, चकमकीची बंदूक चालवतात. तीच ती, ठासून भरायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूवर, पडते आणि ती आग नळीच्या कानातून, त्या बाजूच्या बारीक भोकातून, आत जाऊन बार उडतो. आता त्यांचा हात थरथरतो. मी प्रयोगशाळेत थेंब मोजते हे कळल्यावर माझा हात स्थिर असणार असं त्यांनीच ठरवलं आणि शेजारच्या गावाविरुद्धच्या जूनमधल्या सामन्यात त्यांच्या जागी माझं नाव घातलं. हा सामना आपण अकरा वर्षं हरतोय. ‘आपण’ लिहून गेले, बघा.

माझं दर वेळी एकच होतं. वाटीत भक्कन जाळ होतो आणि बंदूक गप्प. नाहीतर नुसतं फुस्स, आणि नेम हलल्यावर धाड! गेल्या शनिवारी डावी भुवई अर्धी जळाली. ती कोरताना चुकली असं सिद्धेशला सांगितलंय. त्याला आवाज सोसत नाही, त्यामुळे तो मैदानावर फिरकत नाही, हे बरंच आहे.

मंडळात यावरून दोन तट पडलेत. फ्राउ एबर्टचं म्हणणं, नळीतली दारूच वाटीत घालावी, एकच डबा, घोळ नको. क्नोलना रंजक पिठासारखी हवी आणि ती मिळाली नाही तर ते घरच्या कॉफीच्या यंत्रात दळणार आहेत. दोघं आता एका बाकावर बसत नाहीत. तुम्ही चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलीत. तुम्हीच सांगा, रंजक कोणती घ्यावी?

आईंना नमस्कार. लोभ असावा आणि उत्तर सामन्याआधी यावं.

तुमची,
मालिनी


पुणे,
१४ मे २००३

चि. सौ. मालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी हिच्या हाती पडलं. हिने नेमकं शेवटचं पान वाचलं आणि सून कोणती दारू घ्यावी म्हणून सासऱ्याला विचारते, असं म्हणत चहा न टाकता देवासमोर जाऊन बसली. समजूत काढण्यात सकाळ गेली. असो.

ते कॉफीचं यंत्र आजच्या आज त्या गृहस्थांकडून काढून घे. दारू घरी दळायची नाही, कुटायची नाही. स्वयंपाकघर जाईल आणि वर कॉफीही मिळणार नाही.

रंजकेचा डबा वेगळाच ठेवायचा. सर्वांत बारीक दाण्याची घे, विकत मिळते तीच. बारीक दाणा ठिणगी चटकन धरतो, म्हणजे क्नोलसाहेब बरोबर. पण म्हणून फ्राउ एबर्टना मूर्ख समजू नकोस. बारीक दारू ओल फार लवकर ओढते आणि दमट दिवशी तिचा चिखल होतो. तेव्हा प्रत्येक बार उडाल्यावर वाटी कोरडी पुसून नवी रंजक घाल.

तुझा दोष मात्र भलताच दिसतो. तू वाटी काठोकाठ भरत असणार. कान बुजला की तिथली दारू वातीसारखी जळत बसते आणि बार उडायला उशीर होतो. अर्ध्याहून कमी घाल, कानापासून जरा बाजूला. आणि चष्मा लाव. भुवई पुन्हा येते, डोळा येत नाही.

सिद्धेशला कधी नेलंस तर त्याच्या कानात बोळे घाल. दिवाळीत तो पलंगाखाली बसायचा आणि त्याची आई त्याला तिथेच करंजी नेऊन द्यायची. अशा मुलाला मी दारूगोळ्याच्या कारखान्यात चिकटवायला निघालो होतो आणि तो नाही म्हणाला म्हणून बोलणं टाकलं. चूक माझी होती. त्याला हे सांगू नकोस, कसं सांगायचं ते माझं मी बघतो.

दोघांनी सांभाळून राहा. आशीर्वाद आहेतच.

रमेश


लुडविग्सहाफेन,
१६ जून २००३

ती. बाबांना,
सिद्धेशचा शि. सा. न. वि. वि.

मालिनी लिहायला बसली होती. पेन मी काढून घेतलं.

निकाल आधी सांगतो. हवा दमट असूनही तिचे तेराच्या तेरा बार वेळेवर उडाले. सामना आपण बाराव्यांदा हरलो, पण दोनच गुणांनी. इथे लोक हे जिंकल्यासारखं सांगतायत.

मी तिच्या हट्टामुळे गेलो होतो, कानात बोळे घालून. सुरू होण्याआधीच क्नोल आणि फ्राउ एबर्ट रंजकेवरून जुंपले. तेव्हा पुण्याच्या तज्ज्ञाचा निकाल आलाय असं मालिनीने जाहीर केलं, तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि भाषांतर कर म्हणाली. त्यात पुढे काय आहे हे त्या गडबडीत ती विसरली होती, असं ती म्हणते. मी विश्वास ठेवलेला नाही.

तीस माणसं, सगळी शांत. मी एक ओळ वाचायचो, जर्मनमध्ये सांगायचो, मग पुढची. कॉफीच्या यंत्राला सगळे हसले, क्नोल सोडून. फ्राउ एबर्टना मूर्ख समजू नकोस हेही मी जसंच्या तसं सांगून बसलो. त्या लालबुंद झाल्या, पण ओलीचं ऐकल्यावर बाकावर सरकल्या आणि क्नोलना बसायला जागा दिली. पलंगाखालचा मी तर साऱ्या गावाला आवडलो. करंजीला जर्मन शब्द सापडेना म्हणून थोडा अडलो, तेवढ्यात पुढच्या ओळींवर नजर गेली आणि मी कागद मिटला.

पुढे काय लिहिलंय, असं क्नोलनी विचारलं. रंजक कमी घाला, असं पुन्हा लिहिलंय, असं मी सांगितलं. सगळ्यांनी गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत माना डोलावल्या. मालिनी पाठ फिरवून बंदुकीची वाटी पुसत राहिली. ती तिने आधीच दोनदा पुसली होती.

आईला नमस्कार. तुमचा लोभ पोचला, असाच राहू द्या.

तुमचा,
सिद्धेश