बुडबुडे आले म्हणजे जमलं

३ जून
आज ब्रेकचं पायडल दाबलं तर भिजवलेल्या कणकेत पाय गेल्यासारखं झालं. गाडी थांबली, पण तिच्या सवडीने. बारा तारखेला खिंड ओलांडून उन्हाळी कुरणावर जायचं. माझ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून सगळ्यांच्या पुढे आमची गाडी असते आणि ती मी चालवते. लायसन नाही. लागत नाही. रस्त्यावरची एकेक मेंढी मला ओळखते.

यंदा सून बुरमाकान लायसन काढून बसली आहे. मुलगा रशियात कामाला, तिला आवरायला कोणी नाही. आमच्यात सासूला एने म्हणतात; ती म्हणाली, एने, यंदा तुम्ही मागे आरामात बसा. मागे तर घोंगड्या बसतात.

शेवटी म्हाताऱ्याने भाकरीवर हात ठेवून सांगितलं, निघायच्या आत तू पायडल टणक केलंस तर तूच चालवायचीस. भाकरीची शपथ आमच्यात कोणी मोडत नाही. झालंच म्हणायचं काम.

४ जून
ओरोझ मिस्त्रीला विचारलं. तो म्हणतो, ब्रेक ऑइल जुनं झालं की हवेतलं पाणी पितं, उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि पायडल तळाला जातं. नवी सीलबंद बाटली आण, नळ्यांतली हवा काढ, नाहीतर मला बोलव. बोलावतेय कशाला.

बाजारात गेले. बाटल्यांवर आकडे, तीन, चार, पाच. मी शाळेत चौथीपर्यंतच, म्हटलं इथं तरी पाचवीत जाऊ. दुकानदार देईना. पाच नंबरचं तुमच्या गाडीतल्या ऑइलशी जमायचं नाही म्हणे. चार घेतलं. वाटेत आठवलं, त्याच्या आईची कंबर कशी आहे ते विचारायचं राहिलं, परत गेले. कंबर तशीच आहे.

५ जून
गोठ्यात गेल्या उन्हाळ्यातली अर्धी बाटली सापडली. झाकण कुठे गेलं देव जाणे. पण चारच नंबर! नवी फोडायची कशाला? ऑइल पाणी पितं म्हणे. शेजारी कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, पखाल टांगलेली होती, प्यायचंच असतं तर ते प्यायलं असतं.

ओतायच्या आधी बाटली चांगली हलवून घेतली. कुमिस वाढताना हलवत नाही ती बाई कसली.

६ जून
हवा काढली. मी पायडल दाबायचं, म्हाताऱ्याने चाकापाशी झोपून पान्याने स्क्रू सोडायचा आणि आवळायचा. त्याला स्क्रू दिसत नव्हता, मी वरून दिशा सांगत होते. नळीतून बरणीत काय सुंदर बुडबुडे! माझा जीव हरखला. घोडीच्या दुधावर असे बुडबुडे यायला मी जन्मभर घुसळत आले. बुडबुडे आले म्हणजे जमलं.

म्हातारा म्हणाला, बाई, हे बुडबुडे म्हणजेच रोग. याला काय कळतं. हा जन्मभर नुसता प्यायला, घुसळलं मी.

बरणीतलं ऑइल वाया कुठे घालवू? हलवून परत ओतलं.

८ जून
पायडल कालपेक्षा मऊ. मुरतंय. पण एक शोध लागला: भराभर तीनदा दाबलं की टणक होतं. म्हातारासुद्धा तिसऱ्या हाकेलाच ओ देतो, चाळीस वर्षं निभावलंच ना.

ओढ्याच्या उतारावर नेऊन पाहिली. गवताच्या गंजीत थांबले. थांबले हे महत्त्वाचं.

बुरमाकान दारात उभी राहून डोक्यावरच्या रुमालाआड हसत होती. लक्षात ठेवणार.

१० जून, संध्याकाळी
वरच्या गावात बहिणीच्या नातवाचं लग्न होतं. म्हातारा म्हणाला तू जा, माझा गुडघा दुखतोय. किती समजूतदार झालाय अलीकडे! मटण छान होतं, नवरी जरा बुटकी.

घरी येऊन आधी गाडीत बसले. पायडल दगड! पहिल्या दाबाला! मी तर तिथेच टाळ्या वाजवल्या. मुरायलाच वेळ हवा होता. कुरणावर पोचले की ओरोझला सांगायचं, घुसळल्याशिवाय काही जमत नसतं. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो आकाशाकडे बघत म्हणाला, हो हो, छान झालं. त्याला आकाशही धड दिसत नाही.

१२ जून, सकाळी
पांढरा रुमाल बांधून बाहेर आले तर ड्रायव्हरच्या जागेवर बुरमाकान. शेजारी म्हातारा.

सगळं तेव्हा कळलं. मी लग्नात मटण खात होते तेव्हा ओरोझ आमच्या अंगणात होता. मागच्या चाकाची नळी चिरलेली होती, ती बदलली. माझं सगळं ऑइल काढून जमिनीत ओतलं आणि मीच आणलेली नवी बाटली फोडली. गुडघा बिलकूल दुखत नव्हता.

मी म्हटलं, "भाकरीवर हात ठेवला होतास."

"तू केलंस तर, म्हणालो होतो. केलं ओरोझने."

"आणि मला सांगितलंही नाहीस."

"टाळ्या वाजवत होतीस. सांगवेना." मग हळूच म्हणाला, "मोतीबिंदू मला झालाय, पण गंजी दिसली मला. खिंडीत तुझ्यासाठी गवताची गंजी कुठे लावू मी?"

बुरमाकानने मागचं दार उघडून धरलं होतं. पखाल मांडीवर घेऊन घोंगड्यांत बसले.

१२ जून, कुरणावर
खिंड उतरताना समोर मेंढ्या आल्या. बुरमाकानने एकदाच पाय ठेवला, गाडी जागच्या जागी उभी. म्हाताऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. मेंढ्यांनी ओळख दाखवली नाही.

प्रत्येक वळणाला मीही मागे बसून पाय दाबत आले. तिथला पत्रा मात्र पहिल्या दाबाला टणक लागतो.